फ्रिट्झ पोलार्ड यांना १९२१ सालचे प्रशिक्षक म्हणावे का?

नायगावकर

नमस्कार मंडळी,

दादरमधील आमच्या वाचनालयात क्रीडा-इतिहासाचा एक लहानसा अभ्यासगट आहे. त्याच्या पुढच्या बैठकीत फ्रिट्झ पोलार्ड या अमेरिकन फुटबॉलपटूच्या कारकिर्दीवर बोलण्याचे मी मान्य केले आहे. हा खेळ म्हणजे आपल्या कूपरेजवर चालतो तो फुटबॉल नव्हे, तर लंबगोल चेंडू छातीशी धरून, प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत पुढे सरकण्याचा खेळ, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेलच. माझा प्रश्न पोलार्ड यांच्या खेळाविषयी नसून त्यांच्या प्रशिक्षकपदाविषयी आहे. पण तो नीट समजावा म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी मांडतो.

पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागोत झाला. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले आणि पुढे केशकर्तनाचा व्यवसाय करणारे. आई शिवणकाम करीत असे. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांचे नाव त्यांनी या मुलाला दिले आणि शेजारपाजारच्या जर्मन वळणाच्या कुटुंबांनी त्याचे ‘फ्रिट्झ’ केले. ब्राउन विद्यापीठात शिकत असताना १ जानेवारी १९१६ रोजी ते रोझ बोल या महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात उतरले. त्या सामन्यात खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. ब्राउनने तो सामना वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध ०-१४ असा गमावला, परंतु त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ब्राउनने येलला २१-६ आणि हार्वर्डला २१-० असे हरवले, आणि वॉल्टर कॅम्प या फुटबॉल-जाणकारांनी निवडलेल्या अखिल अमेरिकन संघात, म्हणजे देशभरातील उत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पोलार्ड यांना हाफबॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची, जागा मिळाली. १९१९ मध्ये ते ओहायो राज्यातील ॲक्रन शहराच्या व्यावसायिक संघात दाखल झाले. १९२० मध्ये जी व्यावसायिक लीग स्थापन झाली, आणि जिला १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले, तिचे पहिले विजेतेपद याच ॲक्रनने पटकावले. ११ सामन्यांत ८ विजय, ३ बरोबऱ्या, एकही पराभव नाही, आणि संपूर्ण मोसमात प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण अवघे ७.

आता प्रश्न. १९२१ च्या मोसमासाठी पोलार्ड आणि एल्गी टोबिन हे ॲक्रनचे संयुक्त प्रशिक्षक होते असे नोंदले जाते आणि त्या आधारे पोलार्ड यांना या लीगमधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हटले जाते. आमच्या गटातील एका ज्येष्ठ सभासदांनी यावर आक्षेप घेतला. जो माणूस स्वतः हाफबॅक म्हणून रोज मैदानात उतरत होता, ज्याचे पद दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेले होते, त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणणे म्हणजे उत्तरकाळाने सद्भावनेने बहाल केलेला मान नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही, पण त्याचे खंडन करण्याइतकी त्या काळच्या खेळाची माहितीही माझ्यापाशी नाही. त्या वेळी प्रशिक्षक नेमके काय करीत असे आणि पोलार्ड यांनी त्यातले काय केले, हे जाणकारांनी सांगावे.

कूपरेज_१९

नायगावकर, आपल्या ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न योग्य ठिकाणी उचलला आहे, पण त्यांच्या मनातील प्रशिक्षक आजचा आहे. आज तो सीमारेषेबाहेर कानाला यंत्र लावून उभा असतो, प्रत्येक चाल तोच ठरवतो, आक्रमणासाठी वेगळे अकरा आणि बचावासाठी वेगळे अकरा खेळाडू आत पाठवतो आणि क्षणाक्षणाला त्यांची अदलाबदल करतो. १९२१ मध्ये यातले जवळजवळ काहीच शक्य नव्हते, आणि ते शक्य नसण्याचे कारण खेळाच्या नियमांतच होते.

त्या काळी व्यावसायिक लीग महाविद्यालयीन नियमपुस्तकानेच चालत असे. तिने स्वतःची वेगळी वाट धरली ती १९३३ मध्ये. त्या नियमांप्रमाणे सामना सुरू असताना बाहेरून खेळाडूंना सूचना देणे निषिद्ध होते आणि तसे आढळल्यास संघाला दंड होत असे. बाकावरून मार्गदर्शन करण्याची मुभा व्यावसायिक लीगने दिली ती थेट १९४४ मध्ये. खेळाडू बदलण्यावरही कडक बंधने असल्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही, आणि अंगात त्राण असेपर्यंत मैदानातच राहत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, प्रत्येक प्रयत्नापूर्वी कोणती चाल खेळायची हे ठरवायचे, समोरच्या संघाची कोणती बाजू दमली आहे हे ओळखायचे, कधी धावायचे, कधी चेंडू लाथेने दूर धाडून मैदान सोडवून घ्यायचे, हे सगळे निर्णय आत उभा असलेला माणूसच घेत असे. बाहेर बसलेल्या प्रशिक्षकाच्या हाती सरावाचे दिवस आणि मध्यंतराची काही मिनिटे एवढेच उरत. आपल्याकडे क्रिकेटमध्ये कर्णधाराचे जे स्थान आहे ते आणि शिक्षकाचे काम एकाच माणसात एकवटले, तर त्या काळच्या खेळाडू-प्रशिक्षकाची कल्पना येते.

म्हणूनच तेव्हा खेळता खेळता संघ चालवणे हा अपवाद नव्हता. जिम थॉर्प कॅन्टनमध्ये हेच करीत होते, कर्ली लॅम्बो ग्रीन बेमध्ये हेच करीत होते आणि जॉर्ज हालास यांनी तर डिकेटर आणि मग शिकागोत जवळजवळ दशकभर स्वतः खेळत संघ सांभाळला. हालास यांच्या नावावर नियमित मोसमातील ३१८ विजय मोजले जातात आणि त्यांत ते खेळाडू असतानाचे, १९२० पासूनचे विजयही धरलेले आहेत. त्या विजयांबाबत ‘हे तर खेळाडू होते, प्रशिक्षक कसले’ अशी शंका कोणी घेत नाही. तीच कसोटी पोलार्ड यांना लावायची असेल तर आधी हालास आणि लॅम्बो यांच्या कारकिर्दीची सुरुवातीची वर्षे वजा करावी लागतील. आपल्या बैठकीत हा मुद्दा अवश्य मांडा. माझ्या मते आक्षेपाचे मुख्य उत्तर हेच आहे.

आता पोलार्ड यांनी प्रत्यक्षात काय केले. उतारवयात दिलेल्या मुलाखतींत त्यांनी असे सांगितले आहे की ॲक्रनमध्ये आल्यावर त्यांना तिथल्या चाली जुनाट वाटल्या. ब्राउनमध्ये एडवर्ड रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेल्या चाली त्यांनी या संघाला शिकवायला घेतल्या, काही खेळाडूंनी कुरकुर केली तेव्हा मालकांपैकी फ्रँक नीड यांनी पोलार्ड यांचे ऐकायचे नसेल त्याने संघ सोडावा असे बजावले, आणि नावाने टोबिन प्रशिक्षक असले तरी शिकवण्याचे बरेचसे काम तेव्हापासूनच आपल्याकडे आले. ही त्यांची स्वतःची, अनेक दशकांनंतरची आठवण आहे, त्यामुळे तपशिलाला तेवढीच सूट देऊन ती वाचावी लागते. परंतु १९२१ च्या नोंदीत त्यांचे नाव टोबिन यांच्याबरोबर येते ते या आठवणीशी जुळणारे आहे. त्या मोसमात ॲक्रनने ८ विजय, ३ पराभव आणि १ बरोबरी अशी कामगिरी केली. विजेतेपद राखता आले नाही, तरी लीगच्या वरच्या फळीतील संघ तो राहिलाच.

पोलार्ड यांच्या खेळाबद्दलही दोन वाक्ये लिहितो, कारण त्यावाचून हे प्रशिक्षण कळत नाही. उंची सुमारे पावणेसहा फूट, वजन जेमतेम ७५ किलो. समोर त्यांच्याहून कितीतरी जड माणसे. चेंडू हातात असताना ते पळता पळता झोकांडी देऊन निसटत आणि अखेर पाडले गेलेच तर लगेच पाठीवर वळून दोन्ही पाय वर उचलून धरीत, म्हणजे खाली पडल्यानंतर जाणूनबुजून अंगावर उडी घेणाऱ्याच्या पोटात बुटांचे तळवे बसावेत. पंचांनी शिटी फुंकल्यावरही त्यांच्यावर ढीग रचला जात असे, म्हणून ही युक्ती त्यांना शिकावी लागली. ज्याला स्वतःच्या अंगाचे रक्षण करीत करीत पुढची चाल कोणती याचा विचार करावा लागत होता, त्याच्या डोक्यातील खेळाची समज किती पक्की असेल याचा अंदाज कोणताही खेळाडू करू शकेल.

गिरणगावकन्या

कूपरेज यांनी नियमांची बाजू उत्तम मांडली आहे. मी त्यात गावाची आणि माणसांची बाजू जोडते, कारण हे प्रशिक्षकपद कोणत्या परिस्थितीत मिळाले याचा उल्लेख झाल्याशिवाय त्याचे मोल समजणार नाही, असे मला मनापासून वाटते.

ॲक्रन हे रबराचे शहर होते. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच यांचे टायर कारखाने तिथेच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कामासाठी माणसांचे लोंढे तिथे आले आणि त्यांत दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या गोऱ्या कामगारांची संख्या मोठी होती. ज्यांचे आजी-आजोबा गिरणीच्या भोंग्यावर उठले त्या आपल्यासारख्यांना असे शहर समजायला अवघड नाही: आठवडाभर पाळ्या, रविवारी सामना, आणि संघ म्हणजे वस्तीची इभ्रत. त्या इभ्रतीचा सर्वांत मोठा आधार एक कृष्णवर्णीय हाफबॅक होता. त्याच्या धावांवर टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांतूनच त्याला शिव्याही ऐकाव्या लागत. सामन्यापूर्वी कपडे बदलायला त्याला इतर खेळाडूंच्या खोलीत जागा नव्हती. नीड यांच्या चिरूटांच्या कारखान्यात तयार होऊन तो मैदानावर येत असे, असे पोलार्ड यांनीच पुढे सांगितले आहे. अशा ठिकाणी गोऱ्या सहकाऱ्यांना चाली शिकवणे आणि मैदानात त्यांना त्या खेळायला लावणे, हे केवळ कागदावरचे पद असूच शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की प्रशिक्षणाचा त्यांचा अनुभव ॲक्रनमध्ये सुरू झालेला नाही. युद्धकाळात मेरीलँडमधील कॅम्प मीड या लष्करी तळावर त्यांनी शारीरिक शिक्षणाचे काम केले आणि १९१८ पासून पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाच्या संघाचे ते प्रशिक्षक होते. लिंकन म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी १८५४ मध्ये स्थापन झालेली, उच्च शिक्षणाची जुनी आणि मानाची संस्था. त्यांचे थोरले बंधू लेस्ली डार्टमथकडून खेळले होते आणि त्यांनीही पूर्वी लिंकनमध्ये प्रशिक्षण दिले होते. ॲक्रनमध्ये खेळायला लागल्यावरही फ्रिट्झ यांनी लिंकनचे काम काही काळ चालू ठेवले. दोन राज्यांतले अंतर, आगगाडीचा प्रवास, लिंकनच्या व्यवस्थापनाशी गैरहजेरीवरून झालेली कुरबुर, ही सगळी ओढाताण त्या वर्षांत दिसते. म्हणजे १९२१ मध्ये ॲक्रनच्या मालकांनी ज्याच्याकडे संघ सोपवला तो काही वर्षे संघ बांधण्याचे काम केलेला माणूस होता; एखाद्या लोकप्रिय खेळाडूला दिलेला तो मान नव्हता.

या काळातील एक नाव मराठी श्रोत्यांना लगेच ओळखीचे वाटेल, ते पॉल रोबसन यांचे. पुढे गायक, नट आणि लढवय्ये नागरिक म्हणून जगभर गाजलेले रोबसन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होते आणि खर्च भागवण्यासाठी रविवारी फुटबॉल खेळत होते. १९२१ मध्ये ते ॲक्रनमध्ये पोलार्ड यांच्याबरोबर खेळले आणि १९२२ मध्ये दोघेही मिलवॉकीच्या संघात गेले. तिथे थॉर्प यांच्या ओरँग इंडियन्स संघाविरुद्धच्या सामन्यात मिलवॉकीने १३-० असा विजय मिळवला आणि दोन्ही टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, रोबसन यांनी केले. कोलंबियाचे नाव निघाले की आपल्याला आणखी एक विद्यार्थी आठवतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकत होते. दोघांची तिथे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, तरी काळ आणि वास्तू डोळ्यांसमोर आणायला आपल्या श्रोत्यांना या उल्लेखाची मदत होईल.

जिमखाना_सी_रोड

गिरणगावकन्या यांनी चिरूटांच्या कारखान्याचा उल्लेख केला आणि मला पुण्याच्या मैदानावर तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा घेणारे क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवले. हा धागा पोलार्ड यांच्यावर आहे याची मला जाणीव आहे; परंतु नायगावकर मुंबईच्या श्रोत्यांसमोर बोलणार आहेत आणि त्यांच्या प्रश्नाचे मर्म, म्हणजे संघ कोण चालवतो हा प्रश्न, आपल्याच मैदानांवर त्याच वर्षांत विचारला जात होता.

१८७६ मध्ये जन्मलेले बाळू पुण्यात खेळपट्टी सांभाळण्याचे काम करता करता इंग्रज खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी टाकत. ते चर्मकार समाजातले. त्यांची डावखुरी फिरकी हवी होती म्हणून त्यांना हिंदू संघात घेतले गेले, पण चहा आणि जेवण वेगळे राहिले. पुढे ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे असूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये ते पुन्हा नाकारले गेले तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली आणि त्या वेळी वृत्तपत्रांतून, सभांतून या विषयावर मुंबईत मोठी चर्चा झाली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपीय संघांची त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली.

१९२१ आणि १९२३. दोन खंडांत दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींचे साम्य मला याच ठिकाणी दिसते: उपेक्षित समाजातील माणसाचे अंगबळ आणि कौशल्य वापरून घ्यायला कोणाची फारशी हरकत नव्हती, हरकत होती ती त्याने इतरांना आज्ञा करण्याला. बाळूंची फिरकी चालत होती, त्यांचे क्षेत्ररक्षण लावणे चालत नव्हते. पोलार्ड यांचे धावणे चालत होते. त्यांनी चाल सांगणे ज्या संघाने आणि ज्या मालकांनी मान्य केले, ते त्या काळात विरळाच.

भेदही सांगितला पाहिजे. कर्णधार नाणेफेकीला जातो, सर्वांना दिसतो, वृत्तपत्रात त्याचे नाव छापून येते. म्हणून विठ्ठल यांच्या कर्णधारपदाबद्दल कधी वाद होऊ शकला नाही. पोलार्ड यांचे काम सरावात आणि मैदानातल्या दोन चालींमधल्या काही क्षणांत होत होते. ते प्रेक्षकांना दिसत नव्हते, आणि त्यामुळेच आज शंभर वर्षांनी त्याची शहानिशा करावी लागते. शिवाय बाळूंसाठी मुंबईत एक जनमत उभे राहिले होते, राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. ॲक्रनमध्ये पोलार्ड यांच्या पाठीशी असे काही असल्याचे दिसत नाही. तिथे निर्णय होता तो दोन-तीन मालकांचा, आणि त्यांना सामने जिंकायचे होते.

नायगावकर

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. हालास यांच्या विजयांची तुलना मी टिपून घेतली आहे. त्यानंतर आमच्या सभासदांचा आक्षेप टिकेल असे वाटत नाही. विठ्ठल पळवणकरांचा संदर्भही मी घेणार आहे, जिमखाना यांनी दाखवलेल्या भेदासह.

आता एक उपप्रश्न. १९२१ मध्ये जे घडले ते पुढे का टिकले नाही? पोलार्ड १९२६ नंतर या लीगमध्ये दिसत नाहीत, आणि त्यांच्यानंतरचे कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल हे १९८९ मध्ये लॉस एंजेलिस रेडर्सचे झाले. मधली ६० हून अधिक वर्षे कुठे गेली, हे श्रोते विचारणारच.

गिरणगावकन्या

हा उपप्रश्न मला मूळ प्रश्नाहून महत्त्वाचा वाटतो.

आधी पोलार्ड यांची पुढची वाटचाल. मिलवॉकीनंतर इंडियानातील हॅमंडच्या संघात ते खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून राहिले. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातील गिल्बर्टन या गावच्या स्वतंत्र संघाकडून खेळले. १९२५ मध्ये काही काळ प्रॉव्हिडन्सला गेले आणि शेवटी ॲक्रनला परतले. तेव्हाच्या लीगमध्ये संघ दर वर्षी निघत आणि बुडत, करार तोंडी किंवा सामन्यापुरते असत, त्यामुळे या भटकंतीत वावगे काही नव्हते. पण १९२६ मध्ये ॲक्रनने त्यांना मोसमाच्या मध्येच मोकळे केले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि खेळाडू म्हणून उतरणीला लागले होते. इतर खेळाडू-प्रशिक्षकांना अशा वयात बाहेर बसून संघ चालवण्याची जागा मिळत गेली. ज्याच्या प्रशिक्षणाची किंमत त्याच्या पायांतील वेगाशी बांधलेली होती, त्याला ती मिळाली नाही. मला या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत जास्त खटकते ते हेच.

त्यानंतर दार हळूहळू बंद होत गेले. ड्यूक स्लेटर यांच्यासारखे काही मोजके कृष्णवर्णीय खेळाडू १९३१ पर्यंत टिकून होते. १९३३ च्या मोसमानंतर जो लिलार्ड आणि रे केम्प हे शेवटचे दोघेही बाहेर पडले, आणि १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा लेखी नियम कधीच केला गेला नाही. मालकांनी आपापसांत पाळलेली ती समजूत होती. महामंदीत गोऱ्यांनाच काम मिळेना, तेव्हा कृष्णवर्णीयांना पैसे देऊन खेळवणे नको, ही भावना तिला पोषक ठरली आणि बोस्टन, मग वॉशिंग्टनच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांच्यासारख्यांनी ती उघडपणे जोपासली. पोलार्ड यांनी पुढे या बाबतीत हालास यांनाही दोष दिला. हालास यांनी तो अमान्य केला. आपण बैठकीत दोन्ही बाजू सांगाव्यात, निवाडा करू नये.

पोलार्ड स्वस्थ बसले नाहीत, हे मात्र ठासून सांगा. १९२८ च्या सुमारास त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीय खेळाडूंचा ‘ब्लॅक हॉक्स’ हा संघ उभा केला आणि गोऱ्या संघांशी सामने लावले. दोन्ही वर्णांचे खेळाडू एकमेकांशी भिडले तरी दंगा होत नाही, हे लोकांना प्रत्यक्ष दाखवावे हा त्यामागचा उद्देश होता. मंदीत तो संघ बंद पडल्यावर १९३५ ते १९३७ या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी ‘ब्राउन बॉम्बर्स’ या संघाला प्रशिक्षण दिले. मुष्टियोद्धे जो लुई यांच्या टोपणनावावरून ते नाव घेतले होते. म्हणजे लीगमध्ये जागा नसलेल्या वर्षांतही ते प्रशिक्षकच होते, आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तरी, कारण आता ते मुख्यतः बाहेर उभे राहून शिकवीत होते. याच सुमारास त्यांनी हार्लेममध्ये एक वृत्तपत्रही चालवले. त्याआधी शिकागोत त्यांची गुंतवणुकीची पेढी होती, ती मंदीत बुडाली. त्यांचे चिरंजीव फ्रिट्झ पोलार्ड धाकटे यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ११० मीटर अडथळा शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

कूपरेज_१९

गिरणगावकन्या यांच्या उत्तरात दार पुन्हा कसे उघडले तेवढे जोडतो. १९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथले कोलिझियम हे सार्वजनिक मैदान हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी मैदानाच्या व्यवस्थापनाला विचारले की जनतेच्या पैशांच्या मैदानावर वर्णभेद करणारा संघ कसा खेळू शकतो. त्या दबावामुळे रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि मग वूडी स्ट्रोड यांना करारबद्ध केले. मार्शल यांच्या वॉशिंग्टन संघाने तर १९६२ पर्यंत वाट पाहायला लावली, आणि तिथेही कारण तेच: नवे मैदान संघराज्य सरकारच्या जमिनीवर होते आणि केनेडी यांच्या सरकारने कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याची अट घातली. मैदान कोणाच्या मालकीचे आहे यावर कोण खेळणार हे किती अवलंबून असते, हे आझाद मैदान आणि मरीन लाइन्सचे जिमखाने पाहत वाढलेल्या मुंबईकरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खेळाडूंना दार उघडले तरी प्रशिक्षकपद आणखी चार दशके बंद राहिले. पोलार्ड यांचे ११ मे १९८६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले. शेल यांची नेमणूक त्यांना पाहता आली नाही. १९५४ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या संस्थेने, त्यांचा समावेश केला होता, पण व्यावसायिक फुटबॉलच्या, कॅन्टन येथील हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव यायला २००५ साल उजाडले. लीग ज्या गावी स्थापन झाली त्याच गावी ही संस्था आहे आणि ॲक्रन तिथून फार लांब नाही. शेल यांच्या नेमणुकीच्या वेळी ‘आधुनिक काळातील पहिले’ असे जे शब्द वापरले गेले, ते पोलार्ड यांची आठवण ठेवूनच वापरावे लागले होते. २००३ मध्ये कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना संधी मिळावी म्हणून जी संघटना स्थापन झाली तिलाही त्यांचेच नाव देण्यात आले, आणि त्याच वर्षी लीगने मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातील किमान एका उमेदवाराची मुलाखत घेण्याचा नियम केला.

आपल्या टिपणात मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे लिहीन: फ्रिट्झ पोलार्ड हे १९२१ मध्ये ॲक्रन संघाचे, एल्गी टोबिन यांच्यासह, खेळाडू-प्रशिक्षक होते; त्या काळच्या नियमांप्रमाणे संघ मैदानातून चालवला जात असल्यामुळे हे पद आजच्या मुख्य प्रशिक्षकाच्या तोडीचे मानले जाते आणि त्यांच्या समकालीन गोऱ्या खेळाडू-प्रशिक्षकांनाही तोच निकष लावला जातो. संयुक्त हा शब्द गाळू नका. तो तसाच ठेवूनही त्यांचे पहिलेपण अबाधित राहते.